पूजेचं ताट खांबेट्यांकडे

नोकरीच्या अर्जात 'अनुभव' नावाचा एक रकाना असतो. त्यात खरं लिहायची सोय असती तर मी पहिल्या ओळीत 'मत्सर' असं लिहिलं असतं. कॉम्प्युटर, नेटवर्क, डिझाइनची सॉफ्टवेअरं वगैरे त्याच्याखाली. यंदा मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि जे दोघं बोलायला उभे राहिले त्यातल्या एकाने माझ्याविषयी बोलता बोलता खांबेट्यांची आठवण काढली. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. मी हसतमुखाने बसून होतो. एवढ्या वर्षांत तेवढं जमायला लागलंय.

मी तावडे. डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीत, भोईरशेठच्या टूलरूममध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. पत्रा दाबून त्याला आकार देणारे साचे असतात, त्यांना आम्ही डाय म्हणतो. गाडीच्या दरवाजाची बिजागरी, सीटखालचा ब्रॅकेट, असल्या गोष्टी डायमधून निघतात आणि डाय आमच्यासारख्या टूलरूममधून. खाली यंत्रांची घरघर, वर काचेच्या मागे डिझाइनचा विभाग. तिथली मुलंमुली पडद्यावर आधी अख्खी डाय उभी करतात, फिरवून बघतात, आणि मग खाली लोखंड कापायला सुरुवात होते. त्या मुलांचे कॉम्प्युटर चालू राहिले पाहिजेत, एवढंच माझं काम. 'एवढंच' हा शब्द माझा नाही, तो शेठचा.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायचं असेल तर मी हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी पुढे करतो. फ्लॅटमध्ये राहतात ते प्रोग्राम. पाणी कुणाला किती सोडायचं, लिफ्ट आधी कुणाला, पार्किंग कुणाचं, हे बघणारा तो सेक्रेटरी. सेक्रेटरी चांगला आहे म्हणून कुणी फ्लॅट घेत नाही, पण तो बिनसला तर कुणाची धड आंघोळ होत नाही. विंडोज, युनिक्स, लिनक्स, मॅक ही अशा सेक्रेटऱ्यांचीच नावं. आमच्या धंद्यात आधी सॉफ्टवेअर ठरवायचं, ते कुणाच्या हाताखाली नीट नांदतं ते विचारायचं, आणि मगच मशीन विकत घ्यायचं. लोक नेमकं उलट करतात. त्या उलट्या कारभारावर माझा संसार चालला, त्यामुळे तक्रार नाही.

आमच्याकडे सेक्रेटरी दोन होते. डिझाइनवाल्यांच्या टेबलावरच्या सगळ्या मशिनांवर विंडोज, ती माझ्याकडे. आणि आतल्या थंडगार खोलीत एकच जुनं, चपटं, बिस्किटी रंगाचं युनिक्सचं मशीन. ते खांबेट्यांकडे.

आता या एका मशिनचं महत्त्व काय, ते सांगतो. आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर महागडं. ते कुणीही कुठेही उघडू नये म्हणून त्याला परवाना असतो, आणि तो परवाना एका ठरावीक मशिनच्या नंबराशी बांधलेला असतो. सकाळी एखाद्या मुलीने आपल्या टेबलावर सॉफ्टवेअर उघडलं की ते आधी त्या आतल्या मशिनला विचारतं, उघडू का? ते हो म्हणालं तरच पुढे. म्हणजे मशिनं माझी, पण हो म्हणणार खांबेट्यांचं मशीन. सून सगळा स्वयंपाक करते आणि मिठाचा डबा सासूच्या ताब्यात, तसली आमची व्यवस्था होती.

आम्ही दोघं एकाच वर्षी लागलेलो. तरी शेठ मला म्हणायचे, "अरे तावडे, बघ रे जरा तिकडे." आणि त्यांना म्हणायचे, "खांबेटेसाहेब, तुम्हाला वेळ असला तर." वेळ! त्या माणसाकडे वेळेशिवाय दुसरं काही नव्हतंच. सकाळी यायचे, खोलीबाहेर चपला काढायचे, तांब्यातलं पाणी प्यायचे आणि पेपर उघडायचे. मशीन चालू असायचं. दुपारी डबा खायचे. मशीन चालू असायचं. मी मात्र दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या टेबलाखाली. कुणाचा माउस अडकलाय, कुणाचं ग्राफिक कार्ड रुसलंय, कुणाचं मॉडेल सेव्ह करतानाच सगळं गोठलंय. "तावडे! ओ तावडे!" अशा हाका ऐकून ऐकून मला माझ्या नावाचा कंटाळा आला होता. ज्याचं काम बिघडत नाही त्याला मान आणि जो बिघडलेलं दुरुस्त करतो त्याला अरेतुरे, हा हिशेब मला कधी पटला नाही. आजही पटत नाही.

घरी जेवताना मी हेच सांगायचो. सुनंदा, माझी बायको, शेवटी म्हणायला लागली, "खांबेट्यांचं नाव घेतल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही का हो?" उतरत नव्हता, हे खरं होतं.

ठाण्याची एक हकिकत सांगतो, म्हणजे हे दुखणं किती दूरवर पोचलं होतं ते कळेल. शेठच्या ओळखीच्या एका माणसाने घोडबंदर रोडला डिझाइनचं नवं ऑफिस थाटलं. आत शिरल्या शिरल्या दिसावेत म्हणून त्याने ओळीने पांढरेशुभ्र मॅक मांडले. दिसायला देखणे, त्यात वाद नाही. फक्त त्याला हवं असलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअर मॅकसाठी बनतच नव्हतं. हे त्याला मशिनं आल्यावर, फर्निचर झाल्यावर, उद्घाटनाचे पेढे वाटून झाल्यावर कळलं. शेठने मला तिकडे पाठवलं. मी त्या मॅकच्या पोटात विंडोज बसवली, पोटभाडेकरू ठेवावा तशी. ग्राफिक कार्डाला हा पाहुणा फारसा मानवला नाही. मॉडेल फिरवलं की त्याच्या कडा मधूनच गायब व्हायच्या. तरी काम भागलं. तो गृहस्थ खूश झाला, चहा मागवला, आणि कप हातात देताना म्हणाला, "वा. तुम्ही त्या खांबेट्यांच्या हाताखाली ना? मग बरोबर!"

परत येताना शीळफाट्याला गाड्यांच्या गर्दीत रिक्षा अडकली. तिथे उन्हात बसून मी त्या माणसाला द्यायची सगळी उत्तरं तयार केली. एकही दिलं नव्हतं. चहा मात्र संपवून आलो होतो.

पण खरं दुखणं होतं खंडेनवमीचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या वसाहतीत सगळीकडे यंत्रांची पूजा होते. मशिनं पुसून, तेल देऊन लख्ख करायची, बंद करायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. मशीन बंदच हवं. वर्षभर राबलेल्याने त्या दिवशी झोपायचं, असा भोईरांच्या घरचा कडक नियम. पूजेचं ताट शेठ स्वतः हातात घेत नसत. खालच्या कारखान्यात ते सगळ्यात जुन्या लेथवरच्या कारागिराला देत, आणि वर डिझाइनमध्ये मुख्य मशीन ज्याच्याकडे असेल त्याला. मुख्य मशीन खांबेट्यांकडे. त्यामुळे ताट खांबेट्यांकडे. दर वर्षी सोवळं नेसल्यासारखा चेहरा करून ते ते ताट घ्यायचे, आपल्या त्या बिस्किटी डब्याला ओवाळायचे, आणि अख्खा विभाग अनवाणी उभा राहून हात जोडायचा. मग तेच ताट घेऊन ते माझ्या मशिनांवरून फिरायचे, एकेकावर अक्षता टाकत. माझी मशिनं, मी पुसलेली, मी बंद केलेली, आणि अक्षता यांच्या हातच्या. मी मागे पेढ्यांचा खोका धरून.

मला ते ताट हवं होतं. लहान पोरासारखं हवं होतं. पगारवाढ झाली नाही तेव्हा मी एवढा कुढलो नव्हतो.

एका खंडेनवमीला शेठच्या आई वर आल्या. मूळच्या इथल्याच, मिठागरात राबलेल्या बाई. कासोटा, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि कान असे तिखट की खाली कुठल्या मशिनचं बेअरिंग वाजतंय ते वर बसून सांगायच्या. खांबेट्यांनी ताट उचललं तेवढ्यात आजी त्या मशिनजवळ वाकल्या.

"बाला, ह्यो तं जागा हाय!"

"नाही आजी, बंद आहे. बघा, पडदा काळा आहे."

"पडद्याचा मना नको सांगू. मना आवाज येतंय त्याचा. सगली मशिनां झोपली, न् ह्यालाच कनाला जागा ठेवलाय?"

सगळे खांबेट्यांकडे बघू लागले. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या, कारण मला ते कधीचं ठाऊक होतं. खांबेटे दर वर्षी नुसता मॉनिटर बंद करायचे. आतलं मशीन धडधडीत चालू असायचं. शुक्रवारी वसाहतीची वीज जायची तेव्हाही ते जनरेटरवर जागं असायचं. ते बंद करायचं नाही असा खांबेट्यांचा नियम होता आणि त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तो मला निव्वळ तोरा वाटायचा.

"आई म्हणते तर करा ना बंद, खांबेटेसाहेब," शेठ म्हणाले. "एक दिवसाचा तर प्रश्न."

खांबेट्यांनी एकदा शेठकडे पाहिलं, एकदा आजींकडे. "बंद झालं तर मग मला विचारू नका," एवढं पुटपुटले आणि त्यांनी ते मशीन बंद केलं. पंख्याचा आवाज हळूहळू थांबला. आजींनी मान डोलावली, आरती झाली, पेढे वाटले.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो, तर एकाही टेबलावर सॉफ्टवेअर उघडेना. आतलं मशीन सुरू झालं होतं, पण ते परवाना द्यायला तयार नव्हतं. त्याचं कारण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. या जुन्या मशिनांत एक छोटी चिप असते, तिच्यात मशीन आपला स्वतःचा नंबर लक्षात ठेवतं. चिपच्या पोटात बॅटरी. मशिनला वीज मिळत असेतो बॅटरीवर भार नसतो, पण वीज काढली की सगळी भिस्त तिच्यावर. आमच्या मशिनची बॅटरी कधीच संपली होती. एकदाच झोपलं आणि उठताना ते आपला नंबर विसरून उठलं. परवाना त्या नंबराशी बांधलेला. नंबर नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर डिझाइन नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नुसता नाही, चांगला घट्ट आनंद. एका गिऱ्हाइकाची डाय अर्धी काढून पडलेली, विभागप्रमुख शुभांगी मॅडम कपाळाला हात लावून उभ्या, आणि मी मनात म्हणतोय, बघा तुमचं न बिघडणारं मशीन.

"खांबेटे, काहीतरी करा हो," शुभांगी म्हणाली. "माझी सगळी पोरं नुसती बसलीत."

खांबेटे खुर्चीत बसले. पडदा पांढरा, त्यावर काळी अक्षरं, ना माउस ना चित्र. ते मला म्हणाले, "तावडे, तुमच्या कुठल्याही एका मशिनवर परवान्याच्या फाइलची नक्कल असेल. तिच्यात जुना नंबर लिहिलेला असतो. जरा वाचून दाखवता का?"

मी बाहेर जाऊन फाइल उघडली आणि तिथूनच मोठ्याने नंबर वाचला. आत ते एकेक आकडा त्या मशिनला पढवत गेले. थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावरून शुभांगीचा आवाज आला, "उघडलं! उघडलं!" सगळा विभाग खांबेट्यांच्या खुर्चीमागे गोळा झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेठ वर आले, त्यांनी खांबेट्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "माणूस पायजे तर असा!" मी दारातच उभा होतो. नंबर माझ्या विंडोजमधून निघाला होता. हे मी तेव्हा बोललो असतो तर क्षुद्र दिसलो असतो, म्हणून नाही बोललो. आता निवृत्त झालोय, आता सांगायला हरकत नाही.

आणि पुढच्या वर्षी काय झालं? शेठने जाहीर केलं, की खांबेटेसाहेबांचं मशीन खंडेनवमीला जागं राहील. अख्ख्या कारखान्यात झोपेची माफी मिळालेलं एकच मशीन. आजींनीही परवानगी दिली. त्याच्यापुढे समई लावायची, म्हणजे राखणीला बसल्यासारखं होईल, असा त्यांनीच तोडगा काढला. म्हणजे मी ज्याच्या फजितीची वाट बघत होतो त्याला उलट समई मिळाली.

अशी काही वर्षं गेली. मग वरून हवा बदलली. आमचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नव्या आवृत्तीत जुन्या युनिक्सची साथ सोडली. आम्ही जुन्याच आवृत्तीला चिकटून बसलो होतो, पण मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं, मॉडेलं नव्या आवृत्तीत द्या नाहीतर दुसरीकडे जातो. आता आतलं मशीनही बदलायचं होतं. प्रश्न असा, की त्याच्यावर लिनक्स घ्यायचं की विंडोज. लिनक्स म्हणजे युनिक्सच्याच वळणाचं, खांबेट्यांच्या हातातलं. विंडोज आली तर सगळाच कारभार माझ्याकडे. आणि ताट, हे मी उघड बोललो नसलो तरी, ताटही.

शेठने बैठक बोलावली. मी आदल्या दिवसापासून तयारी केली होती. बाहेर सगळी विंडोज असताना आत वेगळा सेक्रेटरी कशाला, फायलींची ने-आण सोपी, ग्राफिक कार्डवाले आधी विंडोजची सोय बघतात, नवी मुलं विंडोज शिकूनच येतात, सगळे मुद्दे पाठ. खांबेटे लिनक्सची बाजू घेणार हे मी धरूनच चाललो होतो. त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला माझं उत्तर तयार होतं. लिनक्स वर्षानुवर्षं न थांबता चालतं, मान्य. पत्रा दाबताना कुठे फाटेल त्याचं गणित लिनक्सवर जोरात सुटतं, तेही मान्य. पण, पण, पण. माझ्याकडे भरपूर 'पण' होते.

मी अर्धा तास बोललो. शेठ खिडकीबाहेर बघत होते. मग ते वळले. "खांबेटेसाहेब, तुम्ही बोला. तुम्ही सांगाल तसं करू."

खांबेटे म्हणाले, "विंडोज घ्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"या सॉफ्टवेअरचे सगळे भाग आता विंडोजवरच मिळतात," ते शांतपणे म्हणाले. "लिनक्सवर निम्मेच आहेत. मला लिनक्स आवडतं, पण आवडीवर डाय निघत नाही. मी काही वर्षांत जाणार. मागे राहणाऱ्यांना जे झेपेल ते घ्या."

"झालं तर मग," शेठ म्हणाले. "साहेब म्हणतात तर विंडोज." आणि चहा आला.

माझ्या अर्ध्या तासाचं कुणी नाव काढलं नाही. आयुष्यात एकदा मी जिंकणार होतो, तर तो विजयही या माणसाने ताटात वाढून दिला, आणि तोही माझ्या भाषणाला हात न लावता. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं बोललात, तावडे." त्या रात्री मी भात अर्धाच खाल्ला. "जिंकलात ना?" सुनंदा म्हणाली. मी म्हटलं, "मी नाही जिंकलो, त्याने सोडलं."

ठरल्याप्रमाणे खांबेटे निवृत्त झाले आणि खडवलीला नदीजवळ घर बांधून राहायला गेले. त्यांचं बिस्किटी मशीन बंद पडून कोपऱ्यात गेलं, पण शेठने ते भंगारात काढू दिलं नाही. थंड खोलीत नवं मशीन आलं, विंडोजचं. खुर्ची माझी झाली. दाराबाहेर मीही चपला काढू लागलो.

आणि खंडेनवमी आली.

सकाळपासून मी मशिनं पुसत होतो. नवा शर्ट घातला होता. एकेक करत बाहेरची सगळी मशिनं बंद केली, शेवटी आतल्या मुख्य मशिनला बंद व्हायची आज्ञा दिली आणि हात धुवायला गेलो. परत आलो तर सगळे अनवाणी उभे. शेठच्या आईंना आता खुर्चीतून उचलून वर आणलेलं. शेठने ताट उचललं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तावडेसाहेब, घ्या."

साहेब. घ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाजायचं कशाला. ताट हातात घेतलं. निरांजन पेटलेलं, हळदकुंकू, अक्षता, झेंडू, सगळं माझ्या हातात. मी मशिनकडे वळलो.

पडद्यावर एक गोल फिरत होता. खाली लिहिलं होतं, अपडेट चालू आहेत, कॉम्प्युटर बंद करू नका.

"झोपला कं?" आजींनी विचारलं.

"नाही आजी, आत्ता झोपेल. दोन मिनिटं."

गोल फिरत राहिला. मी ताट धरून उभा. निरांजनातलं तूप कमी होत चाललं. मागे कुणीतरी खोकलं. कुणीतरी दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोललं आणि दोघं हसली. वीजच काढावी, तर अर्ध्या अपडेटमध्ये मशीन बंद पाडणं म्हणजे काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. दसऱ्यानंतर पुन्हा सगळी पोरं रिकामी, आणि या वेळी दोष माझ्या नावावर. तसंच चालू ठेवून ओवाळावं, तर ती माफी खांबेट्यांच्या मशिनला होती, माझ्या नाही.

"तावडे, अरे किती वेळ रे?" शेठ म्हणाले. साहेब गेले होते.

"अपडेट आहे, शेठ. माझ्या हातात नाही."

"थांब. खांबेटेसाहेबांना लावतो."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी व्हिडिओ कॉल लावलाही. फोनच्या पडद्यावर खांबेटे. अंगात बनियन, हातात ताकाचा पेला, मागे तोंडल्याचा वेल. शेठने काय झालंय ते सांगितलं आणि फोन माझ्यासमोर धरला. एका हातात ताट, समोर तो चेहरा, मागे सगळा विभाग. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"तावडे," खांबेटे हळूच म्हणाले, "आजींना अजून तसंच ऐकू येतं का?"

"नाही. आता कमी येतं."

"मग मॉनिटर बंद करा आणि ओवाळा. आत काय चाललंय ते देवाला कळतंच. मी सापडेपर्यंत तेच करत होतो."

मी मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. आजींनी पुढे वाकून पाहिलं, कानामागे हात धरला, आणि समाधानाने मागे टेकल्या. "झोपला," त्या म्हणाल्या. मी ओवाळलं, मग बाहेरच्या सगळ्या मशिनांवरून ताट फिरवलं. सगळ्यांनी हात जोडले. आत पंखा चालूच होता, मला चांगला ऐकू येत होता. पेढे वाटताना शुभांगी म्हणाली, "बघा ना, खांबेटे खडवलीला बसूनसुद्धा कामाला येतात." शेठने कोपऱ्यातल्या त्या बंद डब्याच्या गळ्यात उरलेला हार घातला. कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी घरी चहा घेत होतो तेव्हा खांबेट्यांचा फोन आला. अपडेट नीट झाले का, एवढंच विचारायला. मी म्हटलं, झाले. वाटलं, आता ठेवतील. त्यांनी ठेवला नाही.

"एक सांगू का, तावडे? बरेच दिवस मनात आहे. मला तुमचा फार हेवा वाटायचा."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"दिवसभर तुम्हाला कुणी ना कुणी हाक मारत असायचं. तावडे, ओ तावडे. मी आत बसून ऐकायचो. पेपर वाचून किती वाचणार? माझ्या खोलीत माणसं यायची ती वर्षातून एकदा, ताट घेऊन. तीही अर्धा तास. मग पुन्हा मी आणि तो पंखा."

खरं तर ही वेळ होती. मलाही तुमचा, असं मला म्हणता आलं असतं. दोन शब्द. सुनंदा समोरच बसली होती, तिला माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं, ती मानेने 'बोला, बोला' करत होती. इतक्या वर्षांचं जेवणाच्या ताटावरचं माझं रडगाणं त्या माणसाने तिकडे खडवलीत बसून, सरळ, एका दमात बोलून टाकलं होतं. आणि माझं तोंड अजून उघडत नव्हतं.

"हॅलो? तावडे?"

"आवाज तुटतोय हो," मी म्हटलं. "इथे नेटवर्क नाही."

"बरं बरं. दसऱ्याच्या शुभेच्छा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नेटवर्क उत्तम होतं. हेव्याची गोष्ट, आयुष्यभर सांभाळली मी, आणि बोलायची वेळ आली तेव्हा तीही आधी त्यांनाच बोलता आली.